पन्नास माणसांचा एकच हात

ऑफिसात तिला ‘करवत’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला वावगंही वाटत नसे. करवत निदान काहीतरी कापते; बाकीची मंडळी दिवसभर नुसती घासत बसतात, असं तिचं मत होतं. बारा वर्षं ती त्या कंपनीत प्रोग्राम लिहीत होती. तेवढ्या काळात पाच साहेब तिच्या डोक्यावर बसून गेले, आणि आता हा सहावा.

हा सहावा विक्री खात्यातून आलेला. आवाज गोड, बूट चकचकीत. एखादी गोष्ट कळली नाही की तो तिला ‘सोपी’ म्हणायचा, त्यामुळे त्याच्या लेखी जगात अवघड असं फारसं काही उरलंच नव्हतं. करवत त्याच्याकडे बघायची ती पोळीवर बसलेल्या माशीकडे बघावं तशी.

काम होतं एका कपडे शिवण्याच्या कारखान्याचं. तिथे टेबलाएवढ्या मोठ्या स्क्रीनवर कापडाचं चित्र दिसे आणि त्यावर बाही, कॉलर, पाठ असे तुकडे कमीत कमी कापड वाया जाईल असे मांडायचे असत. मांडणी पक्की झाली की मशीन कापड कापी. पण हे तुकडे हलवायचे म्हणजे कोपऱ्यातल्या बारीक बारीक बटणांवर पेन टेकवायचं, आणि कटिंगवाल्या बायका त्याला विटल्या होत्या. म्हणून ठरलं की बटणं काढूनच टाकायची. पेनने नुसती खूण करायची. तुकड्याभोवती गोल काढला की तो निवडला जाईल, फुली मारली की निघून जाईल, वळसा घातला की उलटा होईल.

ही खूण ओळखायचं काम करवतीकडे आलं. तिने पद्धत निवडली ती साधीच. माणसाने काढलेली रेघ साठवलेल्या रेघांशी ताडून बघायची आणि जिच्याशी जास्त जुळेल ती खूण मानायची. रेघ कुठून सुरू झाली आणि कुठल्या बाजूने फिरली, हेही त्यात धरलेलं. यंत्राला अक्कल नसते, आठवण असते, असं ती म्हणायची. आणि ही आठवण खऱ्या हातांची हवी. तिने पन्नास माणसांचे नमुने मागितले आणि ते गोळा करायला एका टॅबलेटवर छोटा प्रोग्राम करून दिला.

साहेब म्हणाला, मी स्वतः जातो, त्या निमित्ताने कारखान्याशी संबंध वाढतील. दोन दिवसांत तो पन्नास फाइली घेऊन हजर झाला.

करवतीने पहिल्या दहा उघडल्या आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. झाडून सगळे गोल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलेले, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच एक ऐटबाज शेपूट. फुलीची आडवी रेघ प्रत्येक वेळी उजवीकडून डावीकडे. फाइलींवरच्या वेळा बघितल्या तर पन्नासच्या पन्नास एकाच दुपारी, दीड तासात. आणि असं शेपटीचं अक्षर तिने रोज बघितलेलं होतं, रजेच्या अर्जांवर, साहेबाच्या सहीत. साहेब डावखुरा होता. पन्नास कामगार आणि पन्नासही डावखुरे, असा कारखाना देवाने अजून घडवलेला नव्हता.

ती सरळ त्याच्या केबिनमध्ये गेली आणि हे नमुने कुणाचे म्हणून विचारलं. आधी त्याने कामगारांचे म्हणून सांगितलं. मग तिने टॅबलेट त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तो हसला.

“अहो, शेवटी वर्तुळ ते वर्तुळच. कुणी काढलं याने काय फरक पडतो?”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “साहेब तो साहेबच. खुर्चीत कुणाला बसवलं याने काय फरक पडतो?”

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर लेखी समज आली. वरिष्ठांशी बोलण्याची पद्धत सुधारावी, असं त्यात होतं. तिने तो कागद चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

घरी तिच्या सासूबाई होत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांचं बोलणं कानावर घेतलेलं, त्यामुळे त्यांना बोलण्याचं फारसं कौतुक नव्हतं. आठवडाभर त्यांनी जेवणाच्या टेबलावर साहेबाचा उद्धार ऐकून घेतला. मग एक दिवस भाजी चिरता चिरता म्हणाल्या, “त्याला शिव्या देण्यात तुझे रोज दोन तास जातात. एवढ्या वेळात त्या कारखान्यात तूच जाऊन आली असतीस.”

करवतीला राग आला, कारण म्हणणं खरं होतं. तिने एक दिवसाची रजा टाकली आणि कुणालाही न सांगता कारखाना गाठला.

कटिंगची शेड लांबलचक होती. हवेत कापडाचा भुगा तरंगत होता, खिडक्यांच्या कडांवर त्याची पांढरी लव साचलेली. बायका टेबलांशी उभ्या राहून काम करत होत्या. शेडवर देखरेख करणाऱ्या बाईंना सगळ्या मोठ्या बाई म्हणत. त्यांनी करवतीला आपादमस्तक न्याहाळलं आणि कॉम्प्युटरवाल्यांबद्दल आपलं मत काय आहे ते लपवायची तसदी घेतली नाही. तुमचे साहेब आले होते, त्यांनी सांगितलं. ऑफिसात चहा घेतला, दारातून शेड बघितली, दोनदा शिंकले आणि गेले.

करवतीला त्या बाई तत्काळ आवडल्या.

दिवसभर ती टेबलाटेबलाने फिरली. तिला वाटलं होतं बायका तिने टॅबलेटवर दाखवलेल्या चित्रासारखी नीटस फुली काढतील. त्यांनी काढली ती खडूने कापडावर मारतात तशी, दोन झटक्यांत, अर्धी हवेतच. गोल तर कुणी पुरता मिटवतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे एकतीस हातांचे नमुने जमले, सगळे उजवे, आणि प्रत्येकीची सही. घरी जाताना तिला वाटलं, बारा वर्षांत आपण बसल्या जागी जे लिहिलं त्यातलं किती असंच हवेत मारलेलं असेल. हा विचार तिने फार लांबवला नाही.

ऑफिसात येऊन तिने साहेबाच्या पन्नास फाइली पुसून टाकल्या. पन्नासातला एक तरी ठेवावा, डावखुऱ्या हाताचा म्हणून, हे तिच्या डोक्यात येऊन गेलं. तिने ठेवला नाही. त्या माणसाच्या हातचा एक ठिपकाही तिला आपल्या प्रोग्राममध्ये नको होता.

कारखान्यात प्रात्यक्षिक ठरलं, तेव्हा साहेब नवा कोट घालून आला. कारखान्याच्या मालकीणबाई, मोठ्या बाई आणि निम्मी शेड स्क्रीनभोवती उभी होती. साहेबाने कामगारांच्या गरजा, प्रत्यक्ष जमिनीवरचा अभ्यास, पन्नास जणांशी साधलेला संवाद असं बरंच सांगितलं. मग पेन उचललं आणि एका बाहीभोवती गोल काढला, शेपटीसकट.

बाही उलटी झाली.

काट्यांच्या दिशेने फिरलेला त्याचा गोल यंत्राने वळसा धरला होता. त्याने पुन्हा काढला. बाही पुन्हा सुलटी झाली. फुली मारली, तर काहीच नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं. साहेबाच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या करवतीने मनसोक्त बघून घेतल्या. एवढं निर्मळ समाधान तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

मोठ्या बाईंनी पुढे होऊन त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. अर्धवट गोल, बाही निवडली गेली, वळसा, उलटली, दोन झटके, नाहीशी. मालकीणबाई खूश झाल्या. आणि साहेब, ज्याचं तोंड पाच मिनिटांपूर्वी पडलं होतं, तो घसा साफ करून म्हणाला की बघा, हे यंत्र फक्त कसलेल्या हातालाच दाद देतं, आम्ही ते मुद्दाम तसं केलंय. करवतीला त्याच्या निगरगट्टपणाची क्षणभर चक्क कमाल वाटली.

मग एकेक बाई पुढे येऊन करून बघू लागली. सगळ्यांचं जमत होतं. शेवटी पन्नाशीची एक किरकोळ अंगाची कटर पुढे आली. करवत नमुने घ्यायला आली त्या दिवशी ती रजेवर होती. तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि गोल काढला. बाही उलटी झाली. तिने पुन्हा काढला, पुन्हा तेच. मग पेन उजव्या हातात घेतलं आणि सावकाश, पहिलीतल्या मुलाने गिरवावं तसा वेडावाकडा गोल काढला. बाही निवडली गेली.

करवत पुढे झाली. “डाव्या हाताने चालायला हवं. माझी चूक आहे.”

“असू दे हो,” कटर म्हणाली. “कात्री उजवी, मशीन उजवं. हेही उजवं. सवय आहे मला.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते करवतीला जास्त लागलं. एका माणसावरच्या रागापायी तिने भलत्याच बाईला बाजूला सारलं होतं. आणि ते नकळत झालं असंही म्हणायची सोय नव्हती.

परतताना गाडीत साहेबाने काय झालं ते विचारलं, आणि तिने सरळ सांगितलं.

“म्हणजे माझे नमुने ठेवले असते तर त्या बाईंचं काम झालं असतं.”

“हो,” ती म्हणाली. “झालं असतं.”

आयुष्यात पहिल्यांदा तो बरोबर होता, आणि तेही चुकून. करवतीने खिडकीबाहेर बघत ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा शेडमध्ये गेली. डावखुऱ्या कटरशेजारी स्टूल ओढून बसली आणि तिच्याकडून वीस गोल, वीस फुल्या, वीस वळसे काढून घेतले. काढता काढता कटरने सांगितलं की शाळेत बाई तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या, आणि लग्नानंतर सासरी वाढताना ती हात पदराआड ठेवायची. दुपारपर्यंत करवतीने प्रोग्राम तिथेच बसून दुरुस्त केला. कटरने डाव्या हाताने झरकन गोल काढला, बाही निवडली गेली, आणि ती पुढच्या तुकड्याकडे वळली. कौतुक वगैरे तिने केलं नाही. तिला काम होतं.

आठवड्याने साहेबाचा अहवाल आला. डावखुऱ्या कामगारांचा विचार आपण पहिल्या दिवसापासून कसा केला होता, त्यावर त्यात एक पूर्ण परिच्छेद होता. करवतीने तो वाचला, शुद्धलेखनाच्या सात चुका दुरुस्त केल्या, आणि मालकीणबाईंना पाठवताना नमुने देणाऱ्यांची यादी सोबत जोडली. बत्तीस नावं, बत्तीस सह्या, तारखांसकट.

मालकीणबाईंनी उलट टपाली विचारलं की अहवालातले पन्नास जण ते कोण. त्यावर वरच्या मजल्यावर दोन बैठका झाल्या. महिन्याभरात साहेबाची दुसऱ्या विभागात बदली झाली, आणि तीही बढतीवर.

ही बातमी करवतीला सासूबाईंनी विचारल्यावर सांगावी लागली. त्यांनी हसू दाबलं आणि आता नवा साहेब कोण येणार म्हणून विचारलं.

“कुणी का येईना,” करवत म्हणाली, आणि ताट पुढे ओढून जेवायला बसली.