दवाखान्याच्या दारासमोर टांगलेली पेटी

मित्रांनो, माझा एक कोपरा पावसाने फुगला आहे आणि रंग केव्हाच उडाला आहे, पण म्हणून मला अडगळ समजू नका. मी मधमाश्यांना बोलावणारी पेटी आहे. मोहोळात दाटी झाली की राणीमाशी निम्म्या माश्या घेऊन घर सोडते आणि एखाद्या फांदीला घोळका करून लटकते. मग टेहळ्या माश्या नवी जागा शोधायला निघतात. त्यांच्या मनात मी भरावे, एवढ्यासाठीच माझा जन्म.

मला एका सुताराने मोडक्या बाकाच्या फळ्यांतून केले, आपल्या थोरल्या बहिणीसाठी. तिला सगळे ताई म्हणत. ताईची सात मोहोळे कीड लागून एका उन्हाळ्यात गेली होती. तिने माझ्यात जुन्या पोळ्याचा तुकडा बसवला आणि दाराशी गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब चोळले. त्या वासाने माश्या येतात. सुतार मात्र लांबच उभा होता. लहानपणी एक माशी चावली तेव्हा त्याचा गळा सुजून श्वास कोंडला होता.

"पेटी करून दिली. पुढचं तुझं तू बघ," तो म्हणाला.

तीन वर्षे मी झाडावर टांगलेली होते. मुंग्या आल्या, एक पाल मुक्काम करून गेली, पण माश्या काही आल्या नाहीत. ताईचे यजमान म्हणत, "त्यात कांदे तरी ठेव." मला फार वाईट वाटे. चौथ्या वर्षी मला उतरवताना ताई शिडीवरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. त्या दिवसापासून घरात माझे नावही कुणी काढेना.

प्लास्टर दाखवायला ताई दवाखान्यात गेली, तेव्हा दाराशेजारच्या दिव्याला कलिंगडाएवढा घोळका लटकत होता. आदल्या दुपारपासून तो तिथेच होता. डॉक्टरबाई वैतागल्या होत्या.

"अडीचला फवारणीवाला येतोय. मला काय हौस आहे का? पण मागच्या दारातून स्ट्रेचर आत येत नाही."

"तोवर मला वेळ द्या," ताई म्हणाली.

"अडीचच्या पुढे एक मिनिट नाही."

ताईने भावाला फोन केला. स्कूटरवर मला पुढ्यात धरून तो बारा वाजता आला आणि घोळका पाहून फाटकाशीच थबकला.

"तुझा हात हा असा. मग चढायचं कुणी?"

ताईने डाव्या हाताने दवाखान्याची शिडी दाखवली. गळ्याची हकीकत ऐकून डॉक्टरबाईंनी एक इंजेक्शन भरून ठेवले आणि त्या काचेच्या दाराआड उभ्या राहिल्या. सुताराने शिडी लावली, श्वास रोखून मला समोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवले आणि उतरून मटकन पायरीवर बसला.

साडेबाराला पहिली टेहळी माशी आली. माझ्या भिंतींवरून ती चालली, कोपरे हुंगले आणि उडून गेली. मग दोघी आल्या, मग दहा-बारा. माझ्या फळ्या जणू ताठ झाल्या. पण ताईची नजर दुसरीकडे होती. दवाखान्याच्या पाटीमागे एक फट होती आणि तिथेही माश्यांची ये-जा चालली होती. घोळका एकदा त्या फटीत शिरला असता, तर विषाशिवाय बाहेर निघाला नसता.

दोन वाजता फवारणीवाला आला. पाठीवरचा पंप उतरवून तो पायरीवर टेकला. "लवकर आलोय. बसतो," तो म्हणाला. काचेमागचे घड्याळ सगळ्यांनाच दिसत होते.

सव्वादोनला ताई हळूच म्हणाली, "ती फट बुजवायला हवी रे."

सुताराने खिशातला रुमाल काढला आणि शिडी पाटीकडे सरकवली. शिडी डुगडुगली, तसा फवारणीवाला उठला आणि त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. सुतार वर चढला. त्याने रुमाल फटीत कोंबला. आणि त्याच क्षणी घोळका सुटला.

मित्रांनो, तो आवाज मी विसरणार नाही. अंगणभर माश्याच माश्या झाल्या. त्या सुताराच्या केसांवर, पापण्यांवर, मनगटांवर बसू लागल्या.

"हलू नकोस," ताई खालून शांतपणे बोलत होती. "पोटं भरून निघाल्यात त्या, उगाच चावत नाहीत. तोंड मीट. नाकाने श्वास घे. मी इथेच आहे."

फवारणीवाल्याच्या गालावरही चार माश्या होत्या. त्याने शिडी सोडली नाही.

मग एक माशी माझ्या दारात उलटी उभी राहून पंख हलवू लागली, वास पसरवून बाकीच्यांना बोलावू लागली. तिच्यामागे दुसरी. सारी गर्दी माझ्याकडे वळली आणि धान्य ओतावे तशी माझ्या पोटात उतरू लागली. मी आतून गरम झाले, जड झाले. चार वर्षांचे रितेपण पंधरा मिनिटांत भरून गेले.

उतरताना सुताराचा हात कानाकडे गेला आणि बोटांखाली सापडलेली एक माशी डसलीच. ताईचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरबाईंनी त्याला आत निजवले आणि सुई हातात घेऊन तासभर त्याच्या गळ्यावर नजर ठेवली. ताई श्वास मोजत होती. कान वाटीएवढा सुजला, पण गळा मोकळाच राहिला. सुई टोचावी लागली नाही.

"ताई," तो पडल्या पडल्या म्हणाला, "आता त्यात कांदे ठेवायचे नाहीत, सांग भावजींना."

संध्याकाळी माश्या निजल्यावर माझ्या दाराला जाळी लावून मला घरी नेले. पुढे ताईने ते मोहोळ मोठ्या पेटीत हलवले आणि मी पुन्हा रिकामी झाले. महिन्याभराने फवारणीवाला ताईच्या दारात उभा राहिला.

"ती पेटी मला देता का?" त्याने विचारले. "लोक आधी मलाच बोलावतात."

आता मी त्याच्या गाडीला पंपाशेजारी बांधलेली असते. तुमच्या दाराशी कधी असा घोळका लटकला, तर दगड मारू नका, पाणी ओतू नका. दारे-खिडक्या लावून घ्या आणि जाणत्या माणसाला बोलवा. फवारणीवाला आला की एवढेच म्हणा, "काका, पंप राहू द्या. आधी ती पेटी टांगा." मग थोडा धीर धरा. घर शोधायला त्यांना वेळ लागतो.