माझ्या पाठीवरचं वाक्य

मित्रांनो, माझ्यासमोर उभं राहून स्वतःशी खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले, पण मी स्वतः कधी खोटं बोललो नाही. मी एक जुना आरसा आहे. माणसाएवढ्या उंचीचा, शिंप्याच्या दुकानातला. खालच्या कोपऱ्यात मला एक तडा आहे. त्याची मला लाज वाटत नाही. तो कसा पडला, ते पुढे येईलच.

माझी काच हैदराबादहून पेंढ्यात गुंडाळून ट्रकने लातूरला आली. सागवानी चौकट शंकरप्पा सुतारांनी केली आणि गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका अरुंद दुकानात मला भिंतीला लावलं. दुकान मोहियोद्दीन मास्टरांचं. गिऱ्हाईक नवा कपडा घालून माझ्यापुढे आलं की आधी पोट आत घ्यायचं आणि मग म्हणायचं, ‘मास्टर, कंबर जरा ढिली झाली.’ मला मनातल्या मनात हसू यायचं.

मास्टरांचा हात कपड्यावर असायचा, पण जीव परक्या भाषांत अडकलेला. त्यांच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळी गर्दी ओसरली की ते त्याचा काटा हळूहळू फिरवत. दूरदेशीच्या केंद्रांवरून तेव्हा भाषांचे धडे लागत आणि पत्र पाठवलं की धड्यांची पुस्तकं टपालाने फुकट येत. सातवीनंतर शाळा सुटलेला हा माणूस असा आधी जर्मन शिकला, मग रशियन, मग फ्रेंच. जपानीचे पहिले चार धडे ऐकले, तेव्हा त्या भाषेतही क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं हे त्यांना कळलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले. दुकानात ते आणि मी, दोघंच होतो. माझा चहा अर्थात त्यांनीच प्यायला.

त्यांची शिकण्याची रीत शिंप्याची होती. कुठलीही भाषा हातात घेतली की ते आधी मापांचे शब्द पाठ करत. खांदा, छाती, कंबर, बाही, गुडघा. टेप जसा वरून खाली येतो, तसेच शब्दही वरून खाली. रोज सकाळी माझ्या वरच्या कोपऱ्यात कपड्यावरच्या खडूने ते उर्दू अक्षरांत पाच नवे शब्द लिहीत आणि पाठ झाले की फडक्याने पुसत. उच्चार जमेपर्यंत माझ्यात बघून तोंड वेडंवाकडं करत. फ्रेंचसाठी ओठांचा चंबू करून ते बसले की त्यांची बायको बेगमबी जेवणाचा डबा आपटून म्हणायची, “अजी, शीशे से क्या बातां कररैं? रोटी थंडी होरी!”

त्यात अडचणी का कमी होत्या? तीन भाषांचे शब्द डोक्यात एकमेकांच्या अंगावर पडत. ट्रान्झिस्टर ऐन धड्याच्या वेळी खरखरायचा. आणि एकदा तर त्यांनी जळकोटच्या शेषेरावांच्या पँटच्या आतल्या बाजूला शब्द लिहिला आणि झटकायचा विसरले. शेषेराव फिटिंगला आले, पँट उलटी केली आणि पांढरेफटक पडले.

“मास्टर, ह्ये काय लिवलंय? कुणी करणी केली का काय?”

“न्हाई वो मामा. कंबर लिवलंय. रशियन भाषा हाय.”

शेषेरावांनी थोडा विचार केला. “रशियात बी माझी कंबर छत्तीसच हाय न्हवं?” मग स्वतःच इतके हसले की मास्टरांना पुन्हा माप घ्यावं लागलं. ही गोष्ट जळकोटच्या बाजारात वर्षभर फिरली. लोक मास्टरांना ‘रशियन टेलर’ म्हणू लागले. मास्टर वरवर हसत, पण सगळे गेल्यावर माझ्यापुढे उभे राहून विचारत, “खरंच, काय करणार रे मी हे शिकून?” मला उत्तर देता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

मग १९९३ चा सप्टेंबर आला. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. मी भिंतीवरून घसरलो, खालचा कोपरा फरशीवर आपटला. हाच तो तडा. पण मित्रांनो, माझं गेलं एवढंसं. किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली.

मास्टरांनी शिलाई मशीन एका टेम्पोत टाकलं आणि तिकडच्या एका छावणीत बायकापोरांसाठी कपडे शिवायला गेले. तिथे परदेशी डॉक्टरांची एक तुकडी आली होती. त्यांची भाषा फ्रेंच, जखमींची मराठी, आणि दुभाषी एकच. मास्टर मशीन सोडून उठले. म्हातारी माणसं बोट दाखवून सांगत आणि मास्टर डॉक्टरांना सांगत : खांदा. कंबर. उजवा गुडघा. ज्या शब्दांवर बाजार हसला होता, तेच शब्द रांगेतल्या एकेका माणसाच्या कामी येत होते. परत आल्यावर त्यांनी हे बेगमबीला सांगितलं. मी तेव्हा कोपऱ्यात टेकून उभा होतो, मी सगळं ऐकलं.

पण पुढचं सांगताना ते खाली बघू लागले. छावणीत केवळाबाई नावाची एक शेतकरीण होती. तिचा पाय मोडला होता आणि मालक अजून मातीखाली होते. एका गोऱ्या नर्सबाईने तिचा हात हातात धरला आणि एक वाक्य बोलली. केवळाबाईने मास्टरांकडे पाहिलं.

“काय म्हनली वो ती?”

त्या वाक्यात खांदा नव्हता, गुडघा नव्हता, एकही माप नव्हतं. मास्टर म्हणाले, “कळलं न्हाई, माय.” पुन्हा विचारायचं धाडसही त्यांना झालं नाही. त्यांना वाटलं, ही मालकाबद्दलच काही सांगत असेल तर? वाईट बातमी आपल्या तोंडून कशी द्यायची? त्यांनी ऐकलं तसं ते वाक्य मापाच्या चिठ्ठीवर उतरवलं. दोन दिवसांनी तुकडी दुसऱ्या गावाला गेली. मालकांचा देह त्यानंतर सापडला.

माझी मोडलेली पाठ काढून मास्टरांनी नवा प्लायवूड ठोकला. ठोकण्याआधी त्यावर पेन्सिलीने ते वाक्य उर्दू अक्षरांत लिहिलं, चिठ्ठी हरवेल म्हणून. मग मला पुन्हा भिंतीला लावलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर खडू उचलला नाही. धड्यांची पुस्तकं पोत्यात गेली, ट्रान्झिस्टरवर फक्त बातम्या लागू लागल्या. मला फार वाईट वाटायचं. सगळ्या जगाचं तोंड दाखवणारा मी, पण माझ्याच पाठीवर काय आहे ते मला दिसत नव्हतं, आणि ज्यांनी लिहिलं ते बघायला तयार नव्हते.

केवळाबाई मात्र विसरली नाही. दर वर्षी दिवाळीआधी ती पुनर्वसनातल्या गावाहून एसटीने लातूरला यायची, ब्लाउज शिवायला टाकायची आणि जाताना उंबऱ्यात थांबायची.

“मास्टर, त्या बाईचं कळलं का वो?”

“न्हाई माय. अजून न्हाई.”

ती मान हलवायची आणि जायची. असं वीस वर्षांच्या वर चाललं.

या काळात लातूर पार बदललं. गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागल्या, घरांची वसतिगृहं झाली, रस्त्यात पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींचे लोंढे दिसू लागले. तयार कपडे आले आणि मास्टरांच्या दुकानात त्यांच्या मुलाने, हारिसने, झेरॉक्सचं मशीन मांडलं. मास्टर मागच्या खोलीत जुन्या गिऱ्हाइकांपुरतं शिवू लागले. मला दुकानावर बांधलेल्या घरात नातीच्या, उमैमाच्या, खोलीत नेलं.

उमैमा बारावीला होती. सकाळी सहाला क्लास, दुपारी क्लास, रविवारी परीक्षा. एकदा मार्क कमी पडले तेव्हा ती माझ्यापुढे बसून खूप रडली. मग डोळे पुसून तिने फोन काढला, आणि मित्रांनो, तिने ओठांचा चंबू केला! तो चंबू मी लाखांत ओळखला असता. ती फ्रेंच शिकत होती. रोज जेवणानंतर अर्धा तास, कुणी सांगितलं नसताना. त्या अर्ध्या तासानंतर तिचा जीवशास्त्राचा अभ्यासही हलका व्हायचा, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

हारिसला ते पटत नव्हतं. “परीक्षेत हे विचारणार आहेत का?” असं तो म्हणायचा. दसऱ्याच्या साफसफाईत त्याने मला भंगारात द्यायचं ठरवलं. उमैमाने जाळी झाडायला मला उलटं केलं, आणि तिथेच थांबली. प्लायवूडवर दादांचं, म्हणजे आजोबांचं, उर्दू अक्षर होतं. तिने ते सावकाश मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्या वेळी ते फ्रेंच आहे हे तिला कळलं आणि अर्थही लागला.

खाली मास्टरांचं शिलाई मशीन थांबलं. मास्टर जिना चढून दारात आले. घरात ते दखनी उर्दूत बोलत, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“मला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“दादा, हे वाक्य तुमचं नाहीच. दर दिवाळीला विचारतात त्या केवळा आजींचं आहे. त्या येतील तेव्हा त्यांना सांगेन.”

मला भंगारात देण्याचा विषय तिथेच संपला. पण पुढचे पंधरा दिवस मास्टर नीट जेवले नाहीत.

दिवाळीच्या आधी केवळाबाई काठी टेकत आली. पोरीने वरचा आरसा बघायला बोलावलंय म्हटल्यावर जिना चढून वर आली आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसली. मास्टर दाराशी उभे. उमैमाने तिचा हात हातात घेतला.

“आजी, ती बाई म्हणाली होती : मला तुमची भाषा येत नाही, म्हणून मी नुसती तुमच्याजवळ बसते.”

केवळाबाईचं तोंड मला अगदी समोर दिसत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

“बसली व्हती की,” ती म्हणाली. “दोन दिस हलली न्हाई. मास्टर, तिला बी येत नव्हती वो भाषा! तुमी उगंच इतकी वर्सं जिवाला लावून घेतलं.”

मास्टर खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. बेगमबीने त्यांना पाणी दिलं आणि डोळे पुसत रागावलीही.

मित्रांनो, अर्धीमुर्धी शिकलेली भाषा म्हणून कुणाला हसू नका, आणि स्वतःची टाकूनही देऊ नका. एखादं वाक्य कळायला वीस वर्षं लागतात, पण ते जपून ठेवावं लागतं. आणि घरातली जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा तिची पाठ बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर जिना चढून आले. खिशातून खडू काढला आणि माझ्या वरच्या कोपऱ्यात पाच शब्द लिहिले. जपानीचा पाचवा धडा. अक्षरं वाकडी आली. उमैमाने खाली आपले पाच फ्रेंच शब्द लिहिले. तुम्ही कधी आमच्या घरी आलात तर माझ्यात खुशाल तोंड बघा, भांग पाडा. फक्त तो कोपरा पुसू नका. मास्टरांचे अजून दोन शब्द पाठ व्हायचे आहेत.