वेदीपुढचा कोंबडा

शांतवनच्या डाव्या काखेत कोंबडा होता आणि उजव्या हातात पवित्र शास्त्र. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून चर्चकडे जाताना या दोहोंत अधिक जड काय, हे त्याला ठरवता येईना. दोन्ही बाजूंनी माग खटखटत होते. भिवंडीच्या मागांना शुक्रवारची सुटी कळते, रविवारची कळत नाही. म्हणून मंडळीची उपासनाही त्या खटखटाटाच्या तालावरच चाले.

आज हंगामाची उपकारस्तुती होती. मंडळीत शेत असे कोणाकडे उरले नव्हते, तरी वर्षातून एक रविवार हंगामाचा ठरलेला. कोणी भोपळा आणी, कोणी मागावरून उतरलेला कापडाचा ताका, कोणी लोणच्याची बरणी, कोणी सूपभर तांदूळ. सारे वेदीपुढे मांडायचे आणि उपासना संपली की त्याचा लिलाव करायचा, असा रिवाज. शांतवनने यंदा कोंबडा आणला होता: तांबडा, तुरा एका बाजूला कललेला, आणि नजर अशी की जणू समोरच्याच्या अंतःकरणाचा झाडाच घेत आहे.

हा कोंबडा कोणाचा, यावरून शांतवन आणि त्याचा धाकटा भाऊ रघू यांच्यात उन्हाळ्यापासून अबोला होता. दोघांची घरे एकाच अंगणात. कोंबडी रघूच्या टोपलीत बसली, पिल्लू शांतवनच्या दारात वाढले. एके दिवशी भर अंगणात शांतवनने रघूला चोर म्हटले. त्या दिवसापासून रघू चर्चला आला नाही आणि त्याची पेटीही आली नाही. शांतवन ढोलकी वाजवी. पण पेटीवाचून ढोलकी म्हणजे कोणी नसलेल्या घराचे दार वाजवत राहणे. गीत सुरू झाले की त्याची डावी बाजू, जिथे रघू बसे, हिवाळ्यातल्या फरशीसारखी गार पडे.

कोंबडा देवालाच वाहून टाकला की कोणता भाऊ परत मागणार? ही युक्ती त्याला सुचली आणि सुचल्यापासून ती भक्तीसारखी वाटू लागली होती.

सकाळी विनिताने, त्याच्या बायकोने, विचारले होते, "खरं सांगा, हा आपला की रघूभावजींचा?"

"आपला."

कोंबडा आरवला होता.

आता चर्चच्या फाटकात पाळकसाहेब म्हणाले, "वा, शांतवनराव! घरचाच ना?"

"घरचाच, पाळकसाहेब."

कोंबडा पुन्हा आरवला. मागांच्या गजरात पाळकसाहेबांना ते नीट ऐकू आले नाही, पण विनिताला आले. ती पदराआडून म्हणाली, "पेत्रालासुदिक कोंबड्यानं एवढ्या हाका मारल्या न्हायत हो."

गुरूला आपण ओळखतच नाही असे पेत्र तीनदा म्हणाला आणि मग कोंबडा आरवला, ही गोष्ट शांतवन शब्बाथशाळेतल्या मुलांना दरवर्षी शिकवीत असे, रडण्यासकट. त्याने कोंबडा वेदीपुढे भोपळ्याशेजारी बांधला आणि पाठ फिरवली.

पाळकसाहेबांचा संदेश डोंगरावरच्या प्रवचनातला होता. अर्पण घेऊन तू वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जा, समेट कर, मग ये. हा संदेश ते दर हंगामाला देत. आजवर त्यावर कोणी उठले नव्हते, आणि कोणी उठेल अशी त्यांनाही भीती नव्हती.

"आहे का आपल्यात असा कोणी?" त्यांनी विचारले.

विनिताने कोपर मारले. "रघूभावजींच्या मनात काय हाय का हो?"

"काय पण न्हाय!" शांतवन खेकसला.

नेमके त्याच क्षणी भारनियमन सुरू झाले. पंखे मंदावले, गल्लीगल्लीतले माग थबकले आणि साऱ्या भिवंडीवर अशी शांतता उतरली की जणू कोणी शहराच्या तोंडावर हात ठेवला. त्या शांततेत त्याचे "न्हाय" छताला जाऊन लागले.

आणि कोंबडा आरवला. मान ताणून, डोळे मिटून, सगळ्या फुफ्फुसांनिशी.

पहिल्यांदा पोरे हसली. मग मंडळीतली सर्वांत वडील बाई, जानकीबाई, तोंडावर पदर धरून गदगदू लागली, आणि मग कोणाचेच कोणाला आवरेना. शांतवन उठला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"पाळकसाहेब, अर्पण तिथंच राहू द्या. मी आलोच."

"आत्ता?" पाळकसाहेब गोंधळले. "म्हणजे, उपासना संपल्यावर..."

"तुम्हीच म्हणालात, आधी जा."

पाळकसाहेबांनी हातातले पुस्तक उलटून पाहिले. उपासनापद्धतीत यासाठी कुठलीच ओळ छापलेली नव्हती.

वाटेत शांतवनने वाक्ये जुळवली: प्रीतीविषयी, क्षमेविषयी, सुंदर, उपवाक्यांनी सजलेली. अंगणात पाऊल टाकताच ती सगळी पाखरांसारखी उडाली. रघू पायरीवर बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. त्याची बायको रूपा सुपात तांदूळ निवडत होती.

"रूपा," रघू तिच्याकडे बघून म्हणाला, "बघ कोण आलंय. चर्चमधी आज साखर वाटतात काय?"

"तुझ्याशी समेट करायला आलोय," शांतवन म्हणाला. "अर्पण वेदीपुढं ठेवून आलोय."

"विचार त्यांना, काय ठेवलं अर्पण?"

"कोंबडा."

पुठ्ठा थांबला. "कुठला?"

"तांबडा. वाकड्या तुऱ्याचा."

"म्हंजे माझाच कोंबडा देवाला देऊन माझ्याशीच समेट करतोस काय र दादा?"

आपण सरळ त्याच्याशी बोललो, हे रघूच्या ध्यानात आले नाही. रूपाच्या आले, तिचे हात सुपातच थांबले.

"कोंबड्याचं मरू दे," रघूचा आवाज खाली आला. "तू मला चोर म्हणालास. सगळी आळी ऐकत व्हती. पेटी उघडली की तोच शब्द वाजतो मला. म्हणून न्हाय उघडत."

माग चालू असते तर पुढचे शब्द खटखटाटात विरघळले असते, आणि शांतवनला ते हवेही होते. पण वीज नव्हती.

"रूपानं त्याच्या पायाला खुणेचा हिरवा दोरा बांधला व्हता ना? तो मी कापला, रघू. मला तवाच ठाऊक व्हतं, कोंबडा तुझा हाय म्हणून. चोर मी. तू न्हाय."

रघूने पुठ्ठा पायरीवर ठेवला.

"कशानं कापलास?"

"दाढीच्या पात्यानं."

"आणि त्याचा पाय कापला असता म्हंजे?"

रूपा फसकन हसली आणि तांदूळ अंगणभर झाला. रघू उठून आत गेला. आला तो अंगात सदरा आणि हातांत चादरीत गुंडाळलेली पेटी.

"धर ही. चोरासारखा बघत काय उभा राह्यलायस?"

तो शब्द तोच होता, पण त्याची धार कोणीतरी काढून घेतली होती. तिघे रिक्षात बसले आणि शांतवनने पेटी मांडीवर घेतली.

चर्चमध्ये मंडळी त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. पाठ असलेली सारी गीते म्हणून झाली होती. कोंबड्याने दोरी सैल करून पाळकसाहेबांची खुर्ची बळकावली होती आणि पाळकसाहेब खांबाला टेकून उभे होते. दोघा भावांना एकत्र पाहून ते पुढे झाले.

"लिलावाआधी एवढं सांगा," ते म्हणाले. "हा कोंबडा नक्की कोणाचा?"

"ह्याचा," शांतवनने रघूकडे बोट केले.

"दादाचा," रघूने त्याच क्षणी शांतवनकडे केले.

सगळ्या माना कोंबड्याकडे वळल्या. जानकीबाईने श्वास रोखला. विनिताने डोळे मिटले.

कोंबड्याने मान वाकडी करून एका भावाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. मग तो खुर्चीवरून खाली उतरला आणि अर्पणातल्या तांदळाचे दाणे मुकाट टिपू लागला.

रघूने पेटीवरची चादर काढली. शांतवन त्याच्या उजव्या हाताला बसला आणि त्याने ढोलकी पुढे ओढली.