फिटीनंतरची कानडी

फिट येऊन गेली की पुढची पंधरा-वीस मिनिटं गंगव्वा फक्त कानडी बोलायची. उत्तरेश्वर पेठेतल्या त्या घरात कानडी कुणालाच येत नव्हती, आणि शुद्ध आल्यावर आपण काय बोललो हे गंगव्वालाही आठवत नसे.

पहिल्या वेळी शेजारची तानाबाई चप्पल हुंगवायला धावत आली. पण कानात कानडी पडली तशी चप्पल टाकून ती हळदीकुंकू आणायला पळाली. सौंदत्तीची यल्लमा कानडीच बोलणार की. गंगव्वाच्या कपाळाला मळवट भरून तिनं आपल्या पोराचं, राजवीरचं, लग्न कधी जमणार, हेही विचारून घेतलं.

"काय म्हणाली मग तुझी देवी?" गंगव्वानं नंतर विचारलं.

"मला कुठली कानडी येतीया, गंगाक्का? पण हसली. बरंच असणार."

सून अस्मितानं दुसऱ्याच दिवशी सासूला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, मेंदूतल्या जागा एकमेकींना रस्त्यांनी जोडलेल्या असतात. तुमची फिट डाव्या बाजूला उठते आणि त्या रस्त्यांनी पसरते. मग बोलण्याचे रस्ते काही वेळ बंद पडतात. कानडी तुमची लहानपणची, ती आधी मोकळी होते. मराठी मागनं येते. फिटी येतच राहिल्या तर मात्र हे रस्तेच बिघडत जातील. गोळी चुकवायची नाही."

"गोळीनं कानडी जाईल व्हय?"

"जाणार नाही. पण अशी आपोआप वरही येणार नाही. तुम्हालाच बोलावी लागेल."

चार दिवसांनी अस्मितानं उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर आतून गोळ्या पडल्या.

"आई, हे काय? न्हाणीत पडलात, डोकं फुटलं म्हणजे?"

गंगव्वानं सांडलेल्या गोळ्या ओंजळीत गोळा केल्या. मग म्हणाली, "अठराव्या वर्षी या घरात आले. सासूबाई म्हणाल्या, इथं कानडी नको. तवापासनं बोलले न्हाय. नेसरीला माहेरी अव्वा, माझी आई, गेली, तवा रडलेसुद्धा मराठीत. आता फिटीत ती भेटत असंल, तर मीच तिथं नसती. एकदा तरी कळू दे, काय बोलती मी. मग घेते गोळी."

अस्मितानं डॉक्टरांना दाखवायला मागची फिट मोबाइलवर घेतली होती. सासूला वाईट वाटेल म्हणून ती दाखवली नव्हती. आता तिनं फोन गंगव्वाच्या हातात दिला.

आवाज तिचाच होता, पण पोरीसारखा हलका. "अव्वा, निल्लु. बंदे. निल्लु, अव्वा." मध्येच कुकरची शिट्टी, तानाबाईचं पुटपुटणं, आणि पुन्हा तेच.

"म्हणजे काय हो, आई?"

"अव्वा, थांब. आले मी." गंगव्वानं ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती आवाजांच्या मधल्या जागा ऐकत होती. तिथं कुणी ओ देत नव्हतं. "नुसती हाका मारत पळती मी तिच्या मागं. ती बोलतच न्हाय."

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि नेसरीला धाकट्या भावाला, नागाप्पाला, फोन लावायला सांगितलं. पन्नास वर्षं दोघं मराठीतच बोलत आले होते. आधी भेटताना जवळ सासू बसलेली असायची, पुढं तीच सवय झाली.

गंगव्वानं पहिलं वाक्य कानडीत जुळवलं.

"अक्का, तूच न्हवं का ही?" नागाप्पा म्हणाला. आणि पुढचं तो कानडीतच बोलला, भराभर, जसा अव्वाच्या घरी बोलायचा.

गंगव्वाला निम्मं कळलं. उत्तर देताना ती शब्दाशब्दाला अडत होती, पहिलीतल्या पोरीसारखी. आजाराचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, आणि पुढं एका शब्दावर गाडी थांबली. तिनं मराठीत विचारलं, "गोळीला काय म्हणायचो रं आपण?"

नागाप्पा हसला. "गुळिगी."

"गुळिगी," ती म्हणाली. फोन कानाला तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं अस्मिताकडं पाणी मागितलं.