वरचा एक दुपट्टा

बँकेतली मिनल मॅडम म्हणाली, "तुमचे कागद परत आले. डेन्मार्कच्या बँकेनं पैसे थांबवलेत."

"काहून? माल कमी भरला का?"

"नाही. जास्त भरला."

घ्या! आता जास्त दिलं त्याचंही भांडण? मले तर काही सुधरेच ना. उमरेडले माहे मोठे बाबा, म्हंजे बाबाचे मोठे भाऊ नानाजी, हातमाग चालवते. आमच्या घरातले तेच शेवटचे विणकर. त्यायचे सुती दुपट्टे मी नागपुरातून बाहेर देशात पाठवाले लागली, तो हा पहिलाच सौदा. पैसे अडकले तर पुढचं सूत येत नाही. मंग माग बंद. अन् माग बंद असला की मोठे बाबा धड जेवतही नाही. मले तेवढीच धास्ती होती.

आमच्या घरची रीत अशी, की दूरगावी माल गेला की वर एक कापड शकुनाचं, फुकट. मोठ्या बाबानं दोनशेवर एक ठेवलं. मीही मोठी शहाणी, बिलात दोनशे एक लिहिले. खोटं काहून लिहू?

मॅडमनं एलसी पुढं केली. एलसी म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेची हमी, सांगितले तसेच कागद दाखवा अन् पैसे न्या. "यात दोनशेच आहेत. बँक कापड पाहत नाही, कागद पाहते."

"कापड पाहतच नाही? मंग पैसे कशाचे देते?"

"कागदांचे."

"आता काय करू जी?"

"गिऱ्हाइकाला विचारा. तो चालेल म्हणाला तर पैसे सुटतील."

मेल लिहाले बसली. आता त्या गोऱ्याले शकुन कसा समजवू? लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, आमच्याकडे लेकीले सासरी रिकाम्या ओटीनं पाठवत नाही, तसंच कापडाचं. पाठवल्यावर वाटलं, हे वाचून तो माह्यापेक्षा जास्त गोंधळंन.

पण उत्तर आलं. चालेल, पैसे सोडतो. दुसरी ऑर्डरही देतो. फक्त ऑर्डरीपेक्षा त्या एका जास्तीच्या दुपट्ट्यापायी इकडे कस्टममध्ये माल अडकला होता, आत्ता हाती आला; यापुढे वर काही पाठवू नका.

मी तशीच एसटीनं उमरेडले गेली. मोठे बाबा मागावर होते.

"पैसे सुटले जी! दुसरी ऑर्डरही आली. फक्त वरचं नको म्हणते ते."

"नको? आवडलं नाही का त्यायले?"

"तसं नाही जी. बँकेले चालत नाही."

"बँक पांघरते का?"

"नाही."

"बरं, कापड कसं वाटलं म्हणते?"

मी फोन काढला. मेल वरून खाली वाचला, पुन्हा वाचला. कापडाबद्दल एक अक्षर नव्हतं. मले लय वाईट वाटलं, पण खोटं बोलवलं नाही.

"काही लिहिलं नाही, मोठे बाबा."

"मंग मी कोणासाठी विणून राहिलो वं?" त्यायनं विचारलं, अन् मागावरून उठले.