खंदकापलीकडचं न्हाणीघर

हेल्यूचं डोकं फिरायला नकाशावरची एक रेघ पुरली. रेघ ओढणारा कोणी परका नव्हता. सख्ख्या बहिणीचा मुलगा, मेजर यूलार. रशियाचे रणगाडे अडवायला एस्टोनियाच्या हद्दीलगत खंदक खणायचा होता. पालोवेरेत तो नेमका गाव आणि हेल्यूचं घर यांच्या मधून जाणार होता. गाव आत, हेल्यू बाहेर.

"मला आंदण दिलंस की काय रे त्यांना?" हेल्यू कडाडली.

"काहीतरीच काय मावशी! खंदक म्हणजे सरहद्द नव्हे. रणगाडा खंदकापाशी अडतो, मग आपण त्याला टिपतो."

"अडतो म्हणजे नेमका कुठे?"

यूलारने नकाशावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं.

"माझ्या बटाट्यांत!" म्हातारी म्हणाली. "वा रे भाच्या!"

"एकीकडे दलदल, दुसरीकडे तळं. रेघ हलत नाही गं. तू गावात राहायला ये."

गावात? हेल्यू पाच वर्षांची असताना, एकोणपन्नासच्या मार्चमध्ये, रशियनांनी तिला आणि तिच्या आईला याच अंगणातून गाडीत कोंबून सायबेरियाला नेलं होतं. तेव्हा मदतीला काळं कुत्रं आलं नव्हतं. परत आल्या तेव्हा घराची राख झालेली, उभं होतं ते फक्त वाफेत बसून अंघोळ करायचं ओंडक्यांचं न्हाणीघर. पहिला हिवाळा त्यातच काढला. आता पुन्हा उठायचं? मेले तरी नाही.

"आणि न्हाणीघराचं काय?" तिने विचारलं. ते तर बरोब्बर रेघेवर होतं.

"ओंडके सुटे करून हलवू. म्हणशील तिथे उभं करून देऊ."

"म्हणेन तिथे? शब्द?"

"मेजरचा शब्द, मावशी."

"मग झालं तर," हेल्यू म्हणाली आणि एकदम गोड झाली. यूलारला तिथेच संशय यायला हवा होता.

रविवारी सगळं गाव न्हाणीघर हलवायला जमलं. जवळच्या छावणीतले ब्रिटिश सैनिकही आले. आघाडीतल्या मित्रदेशाची पोरं, हेल्यूच्या न्हाणीघराची त्यांना भारी चटक. त्यांचा सार्जंट गॅरेथ, चांगला धिप्पाड गडी, एका ओंडक्याचं टोक खांद्यावर घेऊन गावाकडे निघाला.

"अरे ए बैलोबा! तिकडे कुठे? इकडे!" हेल्यूने आपल्या अंगणाकडे हात केला.

यूलार धावत आला. "मावशी, ते खंदकाच्या बाहेर होईल!"

"होऊ दे. शब्द दिलायस."

"अगं, शनिवारी सगळं गाव इथे येतं. आमचे जवान येतात, हे लोक येतात."

"येऊ देत की. खंदकावर पूल टाका."

"पूल टाकला की तो राखायला लागतो! तोफेची जागा पुढे आणावी लागेल, बंकर खणावा लागेल, तुझ्या..." यूलार थबकला.

"बोल ना. बटाट्यांत."

गावकरी खो खो हसले. यूलारला हसू येईना.

"आम्ही तुला सोडून जाणार नव्हतो, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, असा करार आहे."

"करार खोटा आहे असं म्हणतेय का मी? पण कराराला माझं घर ठाऊक नाही. ज्या जागी माणूस कपडे काढून निवांत बसतो, ती जागा तो कुणाला घेऊ देत नाही, बघ."

गॅरेथने काय चाललंय ते विचारलं. यूलारने सांगितलं. ओंडका खांद्यावर तसाच ठेवून सार्जंट म्हणाला, "आमच्या मुख्यालयात या बाईंसाठी एक खुर्ची रिकामी करायला सांगतो," आणि वळून अंगणाकडे चालू लागला. त्याच्यामागून सगळेच वळले. यूलार मिनिटभर नकाशाकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली.

बटाटे निघाले त्या आठवड्यात बंकर पुरा झाला. पुढच्या शनिवारी दुपारपासून न्हाणीघर तापत होतं. हेल्यू दारात उभी होती. पुलावरून माणसं येत होती, बगलेत वाफेत अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या, खांद्यावर पंचे, गावचे, छावणीतले, सगळ्यांच्या पुढे यूलार. बंकरवरच्या पहारेकऱ्याने त्यांना हात केला. एकोणपन्नास साली याच वाटेकडे आई वळून वळून बघत होती, कुणीतरी येईल म्हणून. हेल्यूला रडू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"आई, आले गं सगळे," ती म्हणाली. मग नाक पुसून ओरडली, "अरे मेल्यांनो, आत शिरा आणि दार लावा! वाफ चाललीय माझी!"