नाकाची बाजू

मित्रांनो, मी एक जुने नाक आहे. गेल्या शरद ऋतूत मला सर्वांसमक्ष चुलीत घालून जाळण्यात आले. पण तो विषय नको. तसे काही घडलेच नाही असे आपण धरून चालू, म्हणजे मला सुरुवातीपासून सांगता येईल आणि तुम्हाला उगाच वाईट वाटून घ्यावे लागणार नाही.

मी कोणाच्या चेहऱ्यावर आपोआप उगवलेले नाक नव्हे. माझा जन्म एका डाव्या हातमोज्यापासून झाला. त्या काळी जर्मनीचे दोन तुकडे होते आणि आमच्या तुकड्यात बऱ्याच गोष्टी मिळत नसत. रबर तर नाहीच. चेटकिणी मात्र भरपूर लागत, कारण नाताळात परीकथेचा चित्रपट हवाच, अशी रीत. तेव्हा तळ्याकाठच्या आमच्या स्टुडिओत हाइड्रुन नावाची एक तरुण रंगभूषाकार होती. तिने स्वतःचा कातडी हातमोजा कापला, अंगठा वाकवून पुढे काढला, आत लाकडाचा भुसा भरला आणि वर दोन सुके मटार चिकटवून चामखिळी केल्या. त्या हिवाळ्यात हाइड्रुनचा डावा हात खिशातच असे. माझ्यासाठी कोणीतरी केलेला तो पहिला त्याग. दुसरा अजून व्हायचा आहे.

मला लावले ते रोझविटा टीडेमान या मुलीच्या चेहऱ्यावर. ती खरे तर राजकन्येच्या मैत्रिणीचे काम करायला आली होती. पण चेटकिणीला कावीळ झाली.

"फक्त आजचा दिवस," तिला सांगण्यात आले.

तो दिवस पन्नासएक वर्षे चालला. मधल्या काळात देशाचे दोन तुकडे एक झाले, रबर मिळू लागले, पण तो दिवस काही संपला नाही.

मित्रांनो, मी काय काय पाहिले म्हणून सांगू! मी विहिरीत पडले. मी बर्फात रुतले. एक बकरा मला चावला आणि तो प्रसंग चित्रपटात तसाच ठेवला. माझे कौतुकही झाले. एका समीक्षकाने लिहिले, 'चेटकीण नाकासमोर चालत नाही, नाकाच्या मागून येते.' हे कात्रण हाइड्रुनने माझ्या डबीत घडी करून ठेवले. डबी खोकल्याच्या गोळ्यांची होती. मला आयुष्यात कधी खोकला झाला नाही, तो त्यामुळेच असावा.

आता आमच्या सेटवरची एक रीत सांगते. चित्रपटातल्या मुलांना चेटकीण एरवी दिसू द्यायची नाही. दिसली, बोलली, हसली, की भीती शिळी होते आणि मुले कॅमेऱ्यासमोर खोटे खोटे घाबरतात. म्हणून दुपारच्या सुट्टीत बाहेर लांब टेबलावर सगळे सॉसेज आणि मोहरीची चटणी खात, मुले एकमेकांना कोपरखळ्या मारत, आणि रोझविटा रंगभूषेच्या गाडीत एकटी जेवत असे. मला काढून पुन्हा चिकटवायला फार वेळ लागे, म्हणून मी तिच्या चेहऱ्यावरच. मसुराचे सूप तिच्याआधी मला कळे. ती पडदा थोडा सरकवून बाहेर बघायची. मग सरळ करायची.

नाताळात सारी इमारत तिला टीव्हीवर बघायची. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारीण विचारायची, "काल ती चेटकीण पाहिलीत का हो? काय भयंकर बाई!"

"पाहिली," रोझविटा म्हणायची आणि पिशवी दुसऱ्या हातात घ्यायची.

लोकांच्या नाकी नऊ येतात असे म्हणतात. मी तर स्वतःच नाक. माझे नऊ कोणाकडे जावेत, हे मला कधी कळले नाही. मी दमले होते. माझ्या शिवणी दमल्या होत्या. मटार दोनदा बदलून झाले होते.

अशात टोर्बेन नावाचा एक तरुण दिग्दर्शक तिच्या घरी आला. त्याची विजार घोट्याच्या वरच संपत होती आणि उत्साह कुठेच संपत नव्हता.

"टीडेमानबाई, जमाना बदललाय," तो म्हणाला. "दलदलीतल्या चेटकिणीची गोष्ट आम्ही तिच्या बाजूनं सांगतोय."

"तिला बाजू आहे?" रोझविटाने विचारले. "इतकी वर्षं मीच ती आहे. मला कुणी सांगितलं नाही."

"ती मुलांना बदकं का करते, सांगा बघू."

"पटकथेत लिहिलेलं असतं म्हणून."

"नाही! राजा त्यांना पकडून सैन्यात नेणार असतो. बदकांना सैन्यात घेत नाहीत. ती त्यांना वाचवतेय हो!"

रोझविटाने विचार केला. "मग मी विकट हसते कशाला?"

"ते आता नाही. आणि नाकही नाही. नाक म्हणजे गावाचा पूर्वग्रह. तुम्ही तुमच्या स्वतःच्या चेहऱ्यानं यायचं."

ती म्हणाली, "माझ्या?" हरवलेली छत्री कोणी घरपोच आणून द्यावी, तसा तिचा आवाज झाला होता. तिचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि पडद्यावर तिचा चेहरा एकदाही दिसला नव्हता.

त्या आठवड्यात तिने केस कापून घेतले. हाइड्रुन निवृत्त झाली होती, पण ह्या चित्रपटासाठी परत आली होती. ती म्हणाली, "अगं रोझी, नटतेस काय एवढी! गुडघाभर चिखलात उभं राहायचंय तुला."

"असू दे. आईकडनं आलेलं नाक आहे. पहिल्यांदाच घराबाहेर पडतंय."

मी डबीत पडून हे ऐकत होते. मला वाईट वाटले नाही. नाकालाही कधीतरी कोणाच्या तरी पुढे नसावेसे वाटते.

पण पहिली छायाचित्रे वाहिनीच्या ब्रोडरसनबाईंकडे गेली. पैसा वाहिनीचा, म्हणजे शब्द ब्रोडरसनबाईंचा. त्या थेट सेटवर आल्या. रंगभूषेच्या गाडीत बैठक बसली. मधोमध प्लमचा केक होता आणि केकशेजारी माझी डबी उघडी होती.

"ही बाई कोण?" छायाचित्रावर बोट ठेवून ब्रोडरसनबाईंनी विचारले.

"चेटकीण," टोर्बेन म्हणाला.

"ही तर कुणाची तरी आजी आहे. गाव हिला घाबरतं कशाला?"

"तेच तर! विनाकारण!"

"विनाकारण चालणार नाही. नाताळचा दुसरा दिवस, लोकांच्या पोटात मेजवानीचं बदक, डोळ्यांत झोप. त्यांना विनाकारण समजत नाही. नाक लावा."

रोझविटाने केकचा घास तोंडाशी नेला होता. तो तिने परत बशीत ठेवला.

"आणि दुसरं," ब्रोडरसनबाई म्हणाल्या, "चेटकीण चांगली, ठीक आहे. मग वाईट कोण?"

"राजा," टोर्बेन म्हणाला.

"चित्रीकरणाला किल्ला ज्यांचा घेतलाय त्या सरदारसाहेबांचा फोन होता. त्यांच्या पणजोबांच्या जिन्यावर दुष्ट राजा चढणार नाही. राजाला लहानपणी कुणी जवळ घेतलं नाही, असं दाखवा."

"मग लांडगा!"

"आपल्याकडे आता खरे लांडगे आलेत जंगलात. वाईट दाखवला तर लांडगाप्रेमी फोन करतात, चांगला दाखवला तर मेंढपाळ. लांडगा नकोच."

"सावत्र आई?"

ब्रोडरसनबाईंनी चष्मा काढला. "मी दोन मुलींची सावत्र आई आहे. परवाच त्यांना ट्रॅम्पोलिन आणलंय."

गिरणीवाला सुचवून झाला. पण गिरणी एका संग्रहालयाची होती आणि दरसाल तिथे गिरणीचा उत्सव भरतो. नावाडी झाला. हवामानसुद्धा झाले. मित्रांनो, जो तो समजून घेण्यासारखा निघाला. सगळ्यांचे बालपण कठीण गेले होते. इतक्या चांगल्या लोकांत गोष्ट पुढे सरकेना.

टोर्बेनने केकचा आणखी एक तुकडा घेण्यासाठी हात पुढे केला आणि तो हात डबीवर थांबला.

"नाक," तो म्हणाला.

"लावा म्हटलंय ना," ब्रोडरसनबाई म्हणाल्या.

"नाही, नाक *वाईट* आहे! चेटकीण बिचारी चांगली. तिला ह्या शापित नाकानं धरून ठेवलंय. दुष्टपणा सगळा नाकाचा! शेवटी ती ते उपटते, चुलीत फेकते, आणि खाली तिचा खरा चेहरा!"

"नाकांची काही संघटना आहे?" ब्रोडरसनबाईंनी विचारले.

सगळ्यांनी आठवून पाहिले. नव्हती.

"मग होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि केक संपवून गेल्या.

अशा रीतीने मी खलनायक झाले. मला कोणी विचारले नाही, पण ह्याआधीही कोणी विचारले नव्हते, त्यामुळे फरक कळला नाही.

"मी दुसरं शिवते जाळायला," हाइड्रुन म्हणाली.

"अगदी जवळून दिसणार आहे," टोर्बेन म्हणाला. "नवं नाक ओळखू येतं. हेच लागेल. टीडेमानबाई, तुम्ही सांगा. नाहीतर मग नाक शेवटपर्यंत चेहऱ्यावरच ठेवू."

त्या दुपारी रोझविटाने मला डबीतून काढून तळहातावर घेतले. बाहेर सॉसेजचा वास होता.

"तुझ्यामुळे मला कामं मिळाली," ती म्हणाली. "आणि तुझ्यामुळेच मला काळं कुत्रं ओळखत नाही. आता तुला काय म्हणू?"

मी काही बोलू शकले नाही. बोलणे हे तोंडाचे खाते आहे. बोलता आले असते तर म्हटले असते: अगं, घाल चुलीत. किती विचार करतेस! पण तिने मला रुमालाने पुसले, मटार नीट बसवले, आणि शेवटचे चिकटवायला हाइड्रुनला हाक मारली. डिंक लावताना हाइड्रुनचा डावा हात खिशातच होता.

शेवटचा प्रसंग संग्रहालयातल्या गिरणीत होता. चूल पेटली. बदकाची पुन्हा मुलगी झालेली एक चिमुरडी समोर उभी राहिली. तिने नाकामागच्या रोझविटाला तोवर एकदाही पाहिले नव्हते, कारण रीत ती रीत. टोर्बेन ओरडला, कॅमेरा फिरू लागला आणि रोझविटाने मला उपटले. डिंकाच्या तारा लांबत गेल्या. खाली तिचे स्वतःचे नाक होते: लालबुंद, लहानसे, किंचित उजवीकडे कललेले, डोळ्यांतून पाणी काढणारे.

मी चुलीत पडता पडता ऐकले. मुलीने गावकऱ्यांना क्षमा करण्याबद्दलचे एक लांबलचक वाक्य म्हणायचे होते. ती ते विसरली. ती म्हणाली, "अय्या, आतमध्ये बाई आहे!"

रोझविटा हसली. ते हसू विकट नव्हते. गिरणीत कोणी हलले नाही. टोर्बेनही नाही, आणि टोर्बेन न हलणे ही अवघड गोष्ट आहे.

चामडे पटकन जळत नाही, मित्रांनो. ते आखडते आणि घाण वास मारते. चित्रीकरण थांबताच हाइड्रुनने चिमट्याने मला बाहेर ओढले. मी सुक्या प्लमएवढे उरले होते. एक मटार फुटला होता.

चित्रपट लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी रोझविटा पावाच्या दुकानात गेली. मी तिच्या कोटाच्या खिशात होते. काउंटरमागची बाई पाव बांधता बांधता थांबली.

"अहो, तुम्हीच ना त्या? त्या आतल्या बाई?"

"हो," रोझविटा म्हणाली. "मीच."

मग रांगेतले दोघेतिघे वळले. एका आजोबांनी टोपी काढली. रोझविटाने तिथेच खिडकीजवळच्या टेबलावर कॉफी मागवली, शेजारी दोन अनोळखी बायका येऊन बसल्या आणि तिघींनी ब्रोडरसनबाईंच्या ट्रॅम्पोलिनपर्यंत सगळे बोलून घेतले. कॉफी गार झाली तरी कोणी उठेना. मी खिशात होते. मला प्रथमच काही काम नव्हते.

हे इथे संपले असते. पण वसंतात टोर्बेनचा फोन आला.

"टीडेमानबाई, चित्रपट जोरात चाललाय! पण मुलं एकच विचारतायत. नाकाचं काय चुकलं? ते बिचारं का जाळलं?"

"अगं बाई," रोझविटा म्हणाली.

"म्हणून पुढच्या नाताळात आपण नाकाच्या बाजूनं गोष्ट सांगतोय! निष्पाप नाक, एका हातमोज्यातून आलेलं, आयुष्यभर राबलेलं."

"आणि वाईट कोण?"

"आता नाक जाळणारी बाईच की. तुम्हीच करायचं. चेहरा जरा झाकावा लागेल. मोठे कान, हनुवटीवर केस, असं काहीतरी. नुसत्या ह्या चेहऱ्याला कोण घाबरणार?"

"विचार करते," ती म्हणाली. फोन ठेवून ती आरशासमोर उभी राहिली आणि तिने आपल्या नाकाला हळूच हात लावला. अजून तिथेच होते.

तरी वाहिनीच्या संबंधित विभागास सविनय विनंती करण्यात येते, की अर्जदार नाकाची बाजू कोणत्याही माध्यमातून मांडण्यात येऊ नये. सदर नाक हे जन्मतः, संपूर्णतः आणि कोणत्याही सबळ कारणाविना दुष्ट असल्याची कायमस्वरूपी नोंद घेण्यात यावी. त्याचे बालपण विचारात घेऊ नये. आणि श्रीमती रोझविटा टीडेमान यांना पुढील आदेश होईपर्यंत त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यात राहू देण्यात यावे.